हवेचा चोख हिशेब

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सात वाजता आमच्या सोसायटीच्या आवारात एक खटला उभा राहिला. आरोपी माझा नातू, वय वर्षे बारा. फिर्यादी शेजारच्या इमारतीतली सात-आठ मुले. मुद्देमाल एक फुटबॉल. आदल्या दिवशी दुपारी गच्चीवरच्या उन्हात, सगळ्यांच्या समक्ष, पंपाने टणक भरलेला हा चेंडू रात्रभर आमच्या बाल्कनीत होता, आणि सकाळी खाली नेला तर तो बोटाने दाबला जाईल इतका मऊ. मऊ चेंडू आमच्या नातवाला बरा पडतो हे सर्वश्रुत होते. तेव्हा त्यानेच रात्री सुई घालून थोडी हवा सोडली, असा निकाल खेळ सुरू होण्यापूर्वीच लागला. पोरगा वर आला तो डोळे पुसतच.

माझी हयात बँकेत गेली. रोकड कमी भरली की पहिला संशय ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली असते त्याच्यावर जातो, हे मी फार जवळून पाहिले आहे. एका शाखेत एका कॅशियरला अकरा दिवस घरी बसवले होते. शेवटी चूक निघाली ती दुसऱ्याच कुणी लेजरमध्ये उलटसुलट मांडलेल्या दोन आकड्यांत. ते अकरा दिवस त्या माणसाला कुणी परत दिले नाहीत. चेंडूच्या प्रकरणातही किल्ली आमच्याच घरात होती. पण ही तूट कुणी केलेली नाही, हे मला चेंडू हातात घेताच कळले. तिचा हिशेब दोनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने मांडून ठेवला आहे. शाळेत आपण सगळ्यांनी त्याचे नाव घोकले आणि परीक्षा संपताच विसरलो. जोझेफ लुई गे-ल्युसॅक. वायू बंदिस्त असेल तर त्याचा दाब त्याच्या तापमानाबरोबर वाढतो आणि तापमानाबरोबर उतरतो, हा नियम आपल्या पुस्तकांत त्याच्या नावावर जमा आहे. ही जमा नोंद बरोबर आहे का, याकडे पुढे येतोच.

गे-ल्युसॅक जन्मला ६ डिसेंबर १७७८ रोजी, फ्रान्सच्या मध्यभागी लिमोज शहराजवळच्या सें-लेओनार या गावी. आडनाव नुसते गे. वडील वकील आणि सरकारी अधिकारी. गावात गे मंडळी बरीच, म्हणून आपल्या मालकीच्या ल्युसॅक नावाच्या वाडीचे नाव वडिलांनी पुढे जोडले. आपल्याकडे दोन कुलकर्ण्यांतला फरक ओळखू यावा म्हणून गावाचे नाव लावतात, तसाच प्रकार. मुलगा अकरा वर्षांचा होत होता तेव्हा राज्यक्रांती झाली. त्याला शिकवणारा धर्मगुरू देश सोडून गेला आणि १७९३ मध्ये, ज्याच्यावर संशय त्याला तुरुंग असा कायदा निघाला तेव्हा, वडिलांना अटक झाली. पुढच्याच वर्षी त्याच क्रांतीने लॅव्हाझिएसारख्या रसायनशास्त्रज्ञाचे डोके उडवले. नुसत्या संशयाची किंमत काय असते हे या मुलाने घरातच पाहिले. सुदैवाने वडील वाचले, आणि त्यांनी मुलाला पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला पाठवले.

पॅरिसमध्ये तेव्हा अन्नाचे दुर्भिक्ष होते. विद्यार्थ्यांची वसतिगृहे बंद पडत होती. ज्या घरात तो राहिला त्या घरच्या बाई दूध घेऊन पहाटेच्या अंधारात शहराच्या बाजाराला जात. वाटेत लुटारूंचे भय. त्यांच्या सोबतीला हा मुलगा मोठी तलवार घेऊन गाडीबरोबर चाले आणि परतीच्या वाटेवर, उजाडल्यावर, गाडीतच गणित सोडवत बसे. हे त्याचा मित्र, खगोलशास्त्रज्ञ अरागो याने त्याच्या चरित्रात लिहून ठेवले आहे. १७९७ च्या अखेरीस तो एकोल पॉलिटेक्निक या नव्या सरकारी संस्थेत दाखल झाला. क्रांतीने जी थोडी चांगली कामे केली त्यांत ही संस्था धरावी लागेल. हुशार मुलांना तिथे सरकार पैसे देऊन शिकवत असे.

तिथून बाहेर पडल्यावर त्याला आयुष्यातला मोठा योग लाभला. बर्तोले हा त्या काळचा नामवंत रसायनशास्त्रज्ञ. नेपोलियनच्या मर्जीतला, पॅरिसजवळ आर्केय गावी स्वतःची प्रयोगशाळा असलेला. त्याला मदतनीस हवा होता. त्याने या पोराला एक प्रयोग नेमून दिला. निष्कर्ष काय निघेल याची बर्तोलेला खात्री होती, कारण त्याचा सिद्धांतच त्यावर उभा होता. पोराने प्रयोग केला आणि आकडे आणून ठेवले ते साहेबांच्या मताच्या नेमके उलट. अशा प्रसंगी साहेब लोक काय करतात ते मी चौतीस वर्षे पाहिले आहे. बर्तोलेने मात्र त्याला घरचा माणूस करून टाकले. आर्केयचे दरवाजे त्याला कायमचे उघडे झाले. तिथे लाप्लाससारखी माणसे येत जात. पुढे तरुण शास्त्रज्ञांचे एक छोटे मंडळच तिथे जमले.

या प्रयोगशाळेत १८०२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, गे-ल्युसॅकने वायूंच्या प्रसरणाचा प्रश्न हातात घेतला. उष्णता दिली की हवा फुगते हे जुने ज्ञान होते. पण किती फुगते? आणि सगळे वायू सारखेच फुगतात का? त्याच्या आधी अनेकांनी मोजले होते आणि दोघांचे आकडे कधी जुळले नव्हते. गे-ल्युसॅकला या घोळाचे मूळ सापडले ते ओलाव्यात. भांड्यात पाण्याचा एखादा थेंब राहिला की तापवल्यावर त्याची वाफ होते आणि मोजणारा ती वाफ हवेच्या खात्यात जमा करून टाकतो. त्याने आधी भांडे आणि वायू पक्के कोरडे केले. मग काचेचा फुगा उकळत्या पाण्यात धरला. फुगलेला जास्तीचा वायू निघून जाऊ दिला. तोटी बंद केली आणि फुगा वितळत्या बर्फात थंड केला. तोटी पाण्याखाली उघडली की जितका वायू निघून गेला तितकी जागा पाणी आत शिरून भरते. ते पाणी मोजले की काम झाले. आकडा आला असा: बर्फाच्या तापमानाला १०० भाग असलेला वायू उकळत्या पाण्याच्या तापमानाला सुमारे १३७.५ भाग होतो. हवा असो, ऑक्सिजन असो की हायड्रोजन, सगळ्यांचा आकडा एकच. म्हणजे दर अंशाला सुमारे २६६ वा हिस्सा. पुढे १८४० च्या दशकात रेन्यो या त्याच्याच देशबांधवाने अधिक नाजूक उपकरणांनी तो दुरुस्त करून २७३ वा हिस्सा केला. तोवर गे-ल्युसॅक हयात होता. त्या काळच्या काचेच्या फुग्याने एवढे जवळ पोचणे हीच मोठी गोष्ट.

आता जमा नोंदीचे. हा निबंध लिहिताना गे-ल्युसॅकने त्यात एक मजकूर घातला, जो त्याने घातला नसता तर जगात कुणालाही कळले नसते. त्याने नोंदवले की सुमारे पंधरा वर्षांपूर्वी नागरिक शार्ल यांनी हीच गोष्ट काही वायूंच्या बाबतीत पाहिली होती. शार्लने ती कुठेही छापली नव्हती, आणि गे-ल्युसॅकला ती योगायोगाने समजली होती. शार्ल म्हणजे आपल्या पुस्तकातला चार्ल्स. हा जॅक शार्ल मूळचा अर्थखात्यातला कारकून, पुढे विज्ञानाची जाहीर व्याख्याने देणारा. १ डिसेंबर १७८३ रोजी हायड्रोजनच्या फुग्यातून माणूस पहिल्यांदा वर गेला, तो हा. छापील कागद नाही, साक्षीदार नाही, दावा नाही. त्यातून शार्लचे प्रयोग अपुरे होते, पाण्यात विरघळणाऱ्या वायूंच्या बाबतीत त्याचे आकडे वेगळे येत, असेही गे-ल्युसॅकने त्याच जागी लिहिले आहे. म्हणजे भिडेपोटी दिलेला हा मान नव्हे. जेवढे शार्लचे, तेवढे शार्लच्या नावे. तेवीस वर्षांच्या, नाव मिळवायला आलेल्या मुलाने हे करावे याचे मला फार वाटते. त्याच्या त्या नोंदीमुळेच आज जगभरची मुले चार्ल्सचा नियम म्हणून तो पाठ करतात.

पण इतिहासाच्या खतावणीत पुढे गोंधळ झालाच. आकारमान कायम ठेवून दाब आणि तापमान यांचा संबंध मोजला होता तो या दोघांच्याही शंभर वर्षे आधी, अमोंतों नावाच्या पॅरिसकराने. लहानपणीच त्याची श्रवणशक्ती गेली होती. उपचारही घेतले नाहीत, कारण शांततेत काम बरे होते, असे त्याच्याबद्दल सांगतात. १६९९ ते १७०२ या काळात त्याने दाखवून दिले की कोंडलेली हवा उकळत्या पाण्याच्या तापमानापर्यंत नेली की तिचा दाब साधारण एक तृतीयांशाने वाढतो, मग सुरुवातीचा दाब कितीही असो. चेंडूचा नियम खरे तर हाच. तो आपल्या पुस्तकांत गे-ल्युसॅकच्या नावावर आहे. फ्रान्समध्ये मात्र दाबाच्या नियमाला शार्लचा नियम म्हणतात आणि आकारमानाच्या नियमाला गे-ल्युसॅकचा, म्हणजे आपल्या बरोबर उलट. एका शाखेत जमा, दुसऱ्या शाखेत नावे. बिचाऱ्या अमोंतोंच्या खात्यात क्वचितच कुणी काही टाकतो.

असो. वायू मोजणाऱ्या माणसाला वर जाऊन हवा मोजावीशी वाटणे साहजिकच. पृथ्वीचे चुंबकत्व उंचीवर कमी होते असा एक दावा तेव्हा गाजत होता. तो तपासायला आणि वरच्या हवेचे नमुने आणायला फ्रेंच विद्वानांनी दोन तरुण निवडले: बिओ आणि गे-ल्युसॅक. २४ ऑगस्ट १८०४ रोजी दोघे हायड्रोजनच्या फुग्यातून सुमारे चार हजार मीटर वर गेले. बरोबर उपकरणे, पक्षी, काही किडे. वर सोडलेला एक छोटा पक्षी बाहेर पडला, बावरला आणि परत येऊन दोरावर बसला, मग थोड्या वेळाने खाली झेपावला. दोघांच्या वजनाने फुगा हवा तेवढा चढेना. म्हणून १६ सप्टेंबरला गे-ल्युसॅक एकटाच निघाला.

सकाळी पावणेदहाच्या सुमारास पॅरिस सुटले. जमिनीवर तापमान २७ अंशांच्या वर, वर गेल्यावर शून्याखाली साडेनऊ. उंची ७,०१६ मीटर. आज विमानात बसून आपण याच्याहून उंच जातो आणि वर चहा मागतो. तो उघड्या वेताच्या पाळण्यात होता. श्वास लागत होता, नाडी धावत होती, घसा इतका कोरडा की पावाचा तुकडा गिळवेना. हात गारठलेले. तशातही तो दर थोड्या वेळाने तापमान, दाब, चुंबकसूचीची आंदोलने लिहून ठेवत होता. निर्वात केलेल्या काचेच्या शिशा त्याने वर उघडल्या, तिथली हवा भरून घेतली आणि पुन्हा घट्ट बंद केल्या. आणखी वर जावे म्हणून त्याने पाळण्यातले जे जे टाकता येईल ते टाकून दिले. त्यात एक साधी पांढरी लाकडी खुर्चीही होती.

ती खुर्ची खाली एका झुडपात, मेंढ्या राखणाऱ्या एका मुलीच्या जवळ येऊन पडली. आकाश निरभ्र, फुगा कुठे दिसत नाही. गावात चर्चा सुरू झाली. खुर्ची स्वर्गातून आली याबद्दल कुणाला शंका नव्हती. अडचण एकच होती, स्वर्गातले सुतार इतके अडाणी कसे? पुढे फ्लाइटची बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा वाद मिटला. अरागोने ही हकीकत सांगितली आहे आणि ती सांगताना त्याला किती मजा आली असेल ते वाचताना कळते.

दुपारी पावणेचारला तो रूआँ शहराच्या पलीकडे उतरला आणि पॅरिसला परतून थेट शिशा घेऊन बसला. एक शिशी पाण्याखाली उघडली. पाणी आत शिरून तिची अर्ध्याहून अधिक जागा भरली, इतकी तिथली हवा विरळ. पण तिची घडण तपासली तर ऑक्सिजनचे प्रमाण पॅरिसच्या रस्त्यावरच्या हवेइतकेच. हवा पातळ होते, पण मिश्रण बदलत नाही. उंचीचा त्याचा विक्रम जवळजवळ अर्धशतक कुणी मोडला नाही. स्वतः तो मात्र पुन्हा कधी फुग्यात बसला नाही.

नातवाला मी त्या रविवारी ही गोष्ट सांगत होतो तेव्हा त्याने मध्येच विचारले, की गे-ल्युसॅकच्या पाळण्यात आपला फुटबॉल असता तर तो वर मऊ पडला असता ना? थंडी होती म्हणून. प्रश्न चांगला होता आणि मी लगेच हो म्हणणार होतो. कागद घेतला म्हणून बचावलो.

इथे चेंडूच्या हिशेबातली खोच सांगितली पाहिजे. पंपाच्या घड्याळावर जो दाब दिसतो तो पूर्ण दाब नसतो. बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे, एवढेच ते सांगते. रिकाम्या, सुरकुतलेल्या चेंडूतही बाहेरच्याइतका, म्हणजे एक वातावरण दाब असतोच. बचत खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागते तशीच ही. खातेदार ती मनातून वजा करतो आणि उरलेल्यालाच आपले पैसे म्हणतो, पण बँक व्याज देते ते सगळ्या शिलकीवर. तापमानही तसेच सगळ्या दाबावर चालते. आणि ते मोजायचे बर्फाच्या शून्यापासून नव्हे, तर त्याच्या २७३ अंश खालच्या शून्यापासून.

आमच्या चेंडूत शनिवारी दुपारी घड्याळावर ०.८ वातावरण दाब भरला होता. एकूण १.८. उन्हात तापलेल्या चेंडूतली हवा ३७ अंश धरू, म्हणजे खऱ्या मापाने ३१०. रविवारी पहाटे पुण्यात दहा अंश होते, म्हणजे २८३. एकूण दाब १.८ वरून १.६४ वर आला, नऊ टक्क्यांहून कमी घट. पण किमान शिल्लक वजा करून घड्याळावर उरतो ०.६४, म्हणजे हाताला लागणारा टणकपणा पाचव्या हिश्शाने कमी. शिवाय पंप मारताना हवा दाबली जाऊन आणखी तापते, ती गरमीही रात्रीत निघून जाते. गंमत म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांत फुटबॉलला ०.६ ते १.१ चालतो. म्हणजे तो मऊ चेंडूही कायदेशीर होता!

आणि गे-ल्युसॅकच्या पाळण्यातला? थंडीने आतला एकूण दाब १.८ वरून १.५८ च्या आसपास उतरला असता हे खरे. पण ७,००० मीटरवर त्याच्या वायुभारमापकात पारा ७६ सेंटीमीटरांवरून जेमतेम ३३ वर आला होता, म्हणजे बाहेरचा दाब अर्ध्याहूनही कमी. आतले वजा बाहेरचे केले तर १.१४. चेंडू दगडासारखा झाला असता. नातू हरला, पण प्रश्न विचारल्याबद्दल त्याला चिक्कीचा तुकडा मिळाला.

जगात असा खटला केवळ आमच्या सोसायटीत झाला असे नाही. १८ जानेवारी २०१५ रोजी अमेरिकेत न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाने इंडियानापोलिस कोल्ट्सला ४५-७ असे हरवले. त्या लांबट चेंडूत घड्याळावर साडेबारा ते साडेतेरा पौंड दाब हवा असा नियम. मध्यंतरात विजेत्यांचे अकरा चेंडू मोजले, तर सगळे साडेबाराच्या खाली. संघाला दहा लाख डॉलर दंड झाला. टॉम ब्रॅडी या बड्या खेळाडूला चार सामन्यांची बंदी झाली, ती एका न्यायालयाने उठवली, वरच्या न्यायालयाने पुन्हा लावली, आणि २०१६ मध्ये त्याने ती भोगली. खोलीत २२ अंशाला साडेबारा पौंड भरून चेंडू ९ अंशाच्या मैदानात नेला, तर हिशेबाने सव्वाअकराच्या थोडे वर उरतात. कुणी हात न लावता. चौकशी अहवालाने म्हटले की एवढ्याने सगळी तूट भरून निघत नाही. अनेक प्राध्यापकांनी म्हटले की निघते. मोजणी कधी झाली, तोवर चेंडू किती ऊबदार झाले होते, ओले किती होते, यावर ते सगळे लटकले. ओलावा मोजणीत कसा घोळ घालतो हे १८०२ मध्ये लिहून ठेवलेले आहे, पण ते कोण वाचतो?

आपल्या क्रिकेटच्या चेंडूला ही भानगड नाही, कारण त्यात हवाच नसते. म्हणून असेल, आपल्याकडे या विषयावर फार बोलले जात नाही. पण गल्लीत टेनिसच्या चेंडूने खेळलेल्यांना थंडीतला त्याचा मेलेला टप्पा आठवत असेल. तिथे हवेबरोबर रबरही आखडते.

गे-ल्युसॅकच्या पुढच्या आयुष्याकडे वळतो, कारण ते फार भरगच्च आहे आणि मला त्यातले थोडेच सांगायचे आहे. जर्मन प्रवासी हुम्बोल्टच्या हवेच्या मोजणीवर त्याने कडक टीका केली होती. हुम्बोल्टने भेट होताच त्याच्याशी मैत्री केली. दोघांनी १८०५ मध्ये पाणी दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन मिळून होते हे पक्के केले आणि मग इटलीला जाऊन व्हेस्युव्हियसचा उद्रेक पाहिला. त्याच धाग्यातून १८०८ च्या शेवटच्या दिवशी त्याने वायू साध्या पूर्णांकी प्रमाणात संयोग पावतात हा नियम वाचून दाखवला. त्याच वर्षी पोटॅशियमच्या प्रयोगात स्फोट होऊन त्याच्या डोळ्यांना जी इजा झाली ती आयुष्यभर राहिली.

दुखऱ्या डोळ्यांनाही एक गोष्ट मात्र दिसली. एका कापडाच्या दुकानात गल्ल्यामागे बसलेली सतरा वर्षांची मुलगी गिऱ्हाईक नसताना मांडीवर पुस्तक ठेवून वाचत होती. याने पाहिले, तो रसायनशास्त्राचा ग्रंथ. तिचे वडील संगीत शिकवणारे, क्रांतीत नोकरी गेलेली, म्हणून मुलगी दुकानात. तिचे नाव जोझेफिन. त्याने आधी तिच्या शिक्षणाची सोय केली आणि १८०९ मध्ये तिच्याशी लग्न केले. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांचे हस्ताक्षर इतके एक झाले की तिने उतरवलेला कागद त्याच्याच हातचा वाटे, असे अरागो लिहितो. सह्या पडताळण्यात डोळे गमावलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट वाचून जरा धास्तीच वाटली.

त्याला पैशाची चाड होती. एकाच वेळी अनेक पदे सांभाळून तो अनेक पगार घेई, आणि त्यावर त्या काळी टीकाही झाली. आयोडिनच्या शोधावरून इंग्रज डेव्हीशी त्याची झोंबाझोंबी झाली, तीही फार शोभेची नव्हती. पण तळघरातल्या दमट प्रयोगशाळेत लाकडी खडावांसारखे बूट घालून तो स्वतःच्या हाताने काम करी. तरुण लीबिग त्याच्याकडे शिकायला होता तेव्हा प्रयोग मनासारखा साधला की गे-ल्युसॅक त्याला धरून टेबलाभोवती नाचत असे.

आम्हा बँकवाल्यांना त्याचे एक काम जास्त जवळचे. १८२९ मध्ये तो पॅरिसच्या टांकसाळीत मुख्य कस-तपासनीस झाला. चांदीचा कस तोवर भट्टीत शिशाबरोबर वितळवून लावत. त्यात थोडी चांदी मुशीत मुरे आणि कस कमी दिसे. वर्षानुवर्षे सरकारच्या नाण्यांत दाखल्यापेक्षा किंचित जास्त चांदी जात होती आणि हुशार लोक ती नाणी वितळवून फायदा काढत होते. त्याने चांदी आम्लात विरघळवून तीत मिठाचे पाणी मोजून थेंबथेंब टाकण्याची रीत १८३२ मध्ये बसवली. मिठाच्या पाण्याने तूट सापडली. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या ब्युरेट आणि पिपेट या नावांनाही रूढ केले ते त्यानेच.

१८३१ मध्ये तो लोकप्रतिनिधी झाला, १८३९ मध्ये उमराव. उतारवयात आणखी एका स्फोटात हात जखमी झाला. ९ मे १८५० रोजी पॅरिसमध्ये तो वारला. रसायनशास्त्राच्या तत्त्वविचारावर त्याने एक मोठा ग्रंथ लिहायला घेतला होता. शेवटच्या आजारात मुलाला सांगून त्याने ते अपुरे हस्तलिखित जाळायला लावले. न जुळलेला ताळेबंद त्याला मागे ठेवायचा नव्हता, असे मी समजतो.

त्या रविवारी मी खाली जाऊन मुलांना नियम सांगितला. कुणाला पटला नाही. आजोबा नातवाची बाजू घेणारच, हे त्यांचेही बरोबर होते. तेव्हा मी एवढेच केले, की चेंडूच्या छिद्रावर सगळ्यांच्या सह्या असलेली कागदाची पट्टी चिकटवली आणि चेंडू गच्चीवर उन्हात ठेवून दिला. दुपारी दीड वाजता मुले वर आली. पट्टी जशीच्या तशी होती. सर्वांत मोठ्या मुलाने दोन्ही अंगठ्यांनी चेंडू दाबून पाहिला, मग दुसऱ्याकडे दिला, त्याने तिसऱ्याकडे. माझ्या नातवापर्यंत चेंडू आला तेव्हा त्याने तो न दाबताच खाली टाकला आणि लाथेने जिन्याकडे ढकलला. सगळे त्याच्या मागे पळाले. माफी कुणी मागितल्याचे ऐकू आले नाही. सहीची पट्टी मात्र माझ्याकडे आहे.